उजव्या हाताकडचं कुंपण

कुंपणाचा बरोबर मधला खांब इतर खांबांसारखाच लाकडाचा, पण मान त्याचा वेगळा. त्याच्या डोक्यावर सुतारानं पत्र्याची टोपी ठोकली होती आणि त्या टोपीवर चहाचे दोन पेले कसेबसे उभे राहायचे. खांबाच्या अलीकडे कंपाउंडर राहायचा, पलीकडे सुतार. दोघांच्या घरांभोवती मोकळी जमीन, थोडी फळझाडं, थोडी भाजी, आणि मधोमध हे तीनशेवीस पावलांचं तारेचं कुंपण. तिसरं घर बघायचं तर रस्त्यानं अर्धा तास चालायला हवं.

कंपाउंडर आयुष्यभर एका दवाखान्यात औषधाच्या पुड्या बांधत आणि बाटल्यांवर चिठ्ठ्या चिकटवत आला, म्हणून कंपाउंडर. त्यानं इथे जमीन घेतली आणि पहिल्यांदा कुंपणाला हात लावला, तेव्हा सुतार म्हणाला होता, "आत्ता कुठे तू खरा कंपाउंडर झालास बघ." हा विनोद सुतारानं सव्वीस वर्षं दर हंगामात न चुकता केला, आणि कंपाउंडरही न चुकता हसला. न हसून सांगतो कुणाला? हसवणारा दुसरा होता कोण तिथे!

कुंपणाचा नियम त्या भागात जुना होता. मधल्या खांबाशी शेजाऱ्याकडे तोंड करून उभं राहायचं. उजव्या हाताला येईल ते अर्धं कुंपण आपलं. आपल्या अर्ध्यात तारेच्या दोन्ही बाजूंचं गवत, काटेरी झुडपं, वेली, खांबाला टेकून वर आलेली रोपं, सगळं आपण काढायचं. शेजाऱ्याच्या अर्ध्याला मात्र बोट लावायचं नाही. शेजारी मेला, कायमचा निघून गेला, किंवा अंथरुणाला खिळला, तरच त्याचं अर्धं आपण करायचं. जित्याजागत्या माणसाचं अर्धं साफ करणं म्हणजे त्याच्या तोंडावर सांगणं की बाबा, तू आता संपलास.

म्हणून वर्षातून दोनदा हे दोघं आपापल्या टोकाकडून निघायचे आणि कापत कापत मध्याकडे यायचे. आधी पोचेल त्यानं चहा करून आणायचा आणि खांबाच्या टोपीवर ठेवायचा. मग दुसरा येईपर्यंत त्याला चिडवायचं. "दादा, चहाला साय आली!" असं कंपाउंडर ओरडायचा. सुतार अकरा वर्षांनी मोठा, तरी पहिली वीस वर्षं तोच आधी पोचायचा; कंपाउंडरची पाळी नंतर आली.

कंपाउंडरची बायको चार वर्षांपूर्वी गेली. मूलबाळ नव्हतं. ती गेल्यावर त्याच्या घरात आवाज असा उरला नाही. उरला तो नळाचा आणि फ्रिजचा. बोलायला माणूस म्हणजे सुतार, आणि सुतारही काही फार गोड बोलणारा होता अशातला भाग नाही. त्याला उसनं मागायला यायचं वेड होतं. खिळे संपले, मीठ आहे का, तुझी हातोडी दे. सुतारासारखा सुतार आणि कंपाउंडरची हातोडी मागतो! त्यातही नेम असा की कंपाउंडरला ताप असेल, कंबर धरली असेल, अंथरुणातून उठवत नसेल, नेमका त्याच दिवशी आठ वाजता मागच्या दारावर थाप. "अरे, झोपलायस काय? मीठ दे वाटीभर." कंपाउंडर कण्हत उठायचा, मनात चार शिव्या हासडायचा आणि मीठ द्यायचा. मग उठलोच आहोत तर म्हणून दोघं चहा प्यायचे.

बायको जाऊन चार वर्षं झाली, त्या वर्षी सुताराची नजर गेली. म्हणजे अगदी आंधळा नाही झाला. डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. पण कबूल करेल तो सुतार कसला. कुंपणाचा हंगाम आला तसा कोयता घेऊन निघाला. एकशे साठ पावलं अकरा दिवस कापत होता. बाराव्या दिवशी मधल्या खांबाशी आला आणि म्हणाला, "झालं बाबा माझं. चहा कुठाय?"

कंपाउंडरनं खांबापलीकडे पाहिलं. झालं कसलं? रान तसंच होतं. जाड काटेरी फांद्या तारेत घुसून पलीकडे निघाल्या होत्या. वेलींनी दोन खांब पार गिळले होते. मधेच कुठेतरी एखादा हात मारल्याची खूण, पुन्हा झाडोरा. फक्त एक बारा पावलांचा तुकडा असा लख्ख होता की पान नाही दिसायचं. बिचारा म्हातारा! दिसत नाही म्हणून त्याच त्या तुकड्यावर पुन्हा पुन्हा हात फिरवत राहिला असणार, असं कंपाउंडरला वाटलं. तो म्हणाला, "चहा आणतो, दादा. चांगलं झालंय."

ही थाप मारताना त्याला काही ठाऊक नव्हतं. चार दिवसांनी कळलं, तेही सुताराच्या लेकीच्या तोंडून. ती शहरात राहायची. वडलांनी आपल्याकडे यावं म्हणून ती दोन वर्षं मागे लागली होती, आणि सुतारानं तिला एकदाच सांगून टाकलं होतं, "माझं अर्धं कुंपण माझ्या हातानं होतंय तोवर मी इथून हलत नाही. ज्या दिवशी नाही होणार, त्या दिवशी तू म्हणशील तिथे येईन. वर तोंड करून एक शब्द बोलणार नाही." सुताराचा शब्द म्हणजे खिळा, एकदा बसला की बसला.

गुरुवारी सकाळी लेक गाडी घेऊन आली. उजव्या डोळ्याचं ऑपरेशन शुक्रवारी, परत रविवारी. वडलांना गाडीत बसवून ती कंपाउंडरच्या पुढच्या दाराशी आली.

"काका, बाबा म्हणतात कुंपण झालं सगळं."

"हो हो. झालं की." कंपाउंडर म्हणाला.

"ओट्यावरून बघितलं मी. तिथून दिसतं तेवढं तर छानच दिसतंय. रविवारी आले की चालत जाऊन शेवटपर्यंत बघते. खोटं कशाला बोलू, काका, मला वाटत होतं ह्या वेळी त्यांना जमणार नाही. मी तर त्यांची खोलीही लावून ठेवलीय."

गाडी गेली. धूळ खाली बसली तरी कंपाउंडर तिथेच उभा. खोली लावून ठेवलीय! म्हणजे रविवारी ही पोरगी त्या रानाशी येऊन उभी राहणार, एकदा बापाकडे बघणार, आणि विषय संपणार. सुतार मान खाली घालून गाडीत बसेल. मग ह्या खांबावर पेला ठेवायचा तो एकच. कंपाउंडरनं बोटं मोजली. गुरुवार, शुक्रवार, शनिवार. एकशे साठ पावलं. गुडघा एक धड, एक नावालाच.

तो घरात गेला, पैशांचं पाकीट घेतलं आणि बस पकडली.

यंत्रांचं दुकान बसनं तासाभरावर. आत तेलाचा आणि नव्या रबराचा वास, भिंतीवर ओळीनं टांगलेली मशीनं. दुकानदारीण पन्नाशीची, गळ्यात चष्मा, बोलणं सटासट.

"काय कापायचंय काका? गवत, झुडूप का झाड?"

"तिन्ही."

"तार कसली? काटेरी? खांब लाकडी का लोखंडी? जमीन सपाट आहे का उतार? आणि पाठीचं काही दुखणं?"

दवाखान्यातल्या डॉक्टरनंही कधी एवढं विचारलं नसेल. कंपाउंडरनं सगळं सांगितलं. तिनं एकेक मशीन खाली काढलं.

"हे दोरीचं. नायलॉनची दोरी गरगर फिरते, गवत भुईसपाट करते. पण काटेरी तारेत दोरी अडकली की गुंडाळून बसते, दर दहा मिनिटांनी सोडवत बसा. हे पात्याचं. अंगठ्याएवढी फांदी सहज पाडतं. पण पातं तारेला लागलं की मशीन उसळतं आणि पायावर येतं, तेव्हा तारेपासून हातभर लांब. हा फवारा. मारा आणि घरी जा. पण वाळायला दोन आठवडे, आणि वारा फिरला तर तुमची भाजीही वाळली म्हणून समजा."

"दोन आठवडे नाहीत माझ्याकडे."

"मग पात्याचं. बॅटरीवरचं घ्या, हलकं आहे, झटका देऊन सुरू करायची कटकट नाही. कापतं कसं बघा, दाढी केल्यासारखं."

"तेच नकोय मला."

"काय नकोय?"

"दाढी केल्यासारखं." कंपाउंडर चाचरला. "जरा ओबडधोबड कापणारं नाही का एखादं? म्हणजे... सत्त्याहत्तर वर्षांच्या माणसानं हातानं कापल्यासारखं दिसायला हवं."

तिनं गळ्यातला चष्मा डोळ्यांवर चढवला. "तुम्ही सत्त्याहत्तरचे?"

"मी सहासष्टचा."

"मग अकरा वर्षं थांबा की!"

ती स्वतःच्याच बोलण्यावर खळखळून हसली, आणि मग तिला दिसलं की समोरचा माणूस हसत नाहीये. तिनं स्टूल पुढे सरकवलं. कंपाउंडर बसला आणि त्यानं सगळं सांगून टाकलं. खांब, नियम, मोतीबिंदू, लेक, रविवार. तसा तो परक्यांपाशी बोलणाऱ्यातला नव्हता. पण चार दिवस पोटात ठेवलेलं होतं आणि तिनं स्टूल दिलं होतं.

"अठरा वर्षं इथे उभी आहे मी," ती म्हणाली. "साफ न कापणारं मशीन मागणारे तुम्ही पहिले. असं मशीन नसतं, काका. ऐका माझं. मोठं रान मशीननं पाडा. तारेजवळचा हातभर पट्टा राहील, तो कोयत्यानं करा. बघणारा माणूस तारेजवळच बघतो. हाताचं काम दाखवायचं तर शेवटचा हात हाताचाच लागतो. आणि विकत कशाला घेता, भाड्यानं न्या."

"आणायला एक फेरी, पोचवायला एक. कुठे आहेत दिवस?"

"तेही खरंच."

तिनं मशीनचा पट्टा त्याच्या खांद्यावरून घातला, मागून ओढून बघितला, बक्कल दोन भोकं आत घेतलं, खांद्यावर थोपटलं. "आता बसलं नीट. भार खांद्यावर, हातावर नाही." कंपाउंडर क्षणभर तसाच उभा राहिला. चार वर्षांत त्याच्या खांद्याला कुणाचा हात लागला नव्हता, हे त्याला त्या दुकानात, रबराच्या वासात कळलं. "अजून काही राहिलं का?" तिनं विचारलं. त्यानं मानेनंच नाही म्हटलं.

मग तीन दिवस काय विचारता! कानावर आवाज अडवायच्या टोप्या, डोळ्यांवर जाड चष्मा, पायांत गुडघ्यापर्यंत बूट. मशीन सुरू झालं की जग बंद. पातं फिरायचं, काटेरी फांद्या आडव्या व्हायच्या, दगड टणकन उडून बुटावर आदळायचे. दोन बॅटऱ्या आलटूनपालटून चालवायचा. एक संपली की दुसरी लावायला घरी, तेवढाच गुडघ्याला आराम. टोप्यांच्या आत तो सुताराशी बोलत होता. "दादा, हा खांब तुम्ही सोडलात तर सोडलात, पण इथे वेल एवढी वाढेपर्यंत काय केलंत?" बोललेलं त्याचं त्यालाही ऐकू येत नव्हतं. एका परीनं बरंच होतं.

मशीनचं काम शुक्रवारी संध्याकाळी उरकलं. शनिवार कोयत्याचा. आणि इथे कंपाउंडरनं खरी करामत केली. सुताराचा हात त्याला पाठ होता. सुतार खांबाच्या बुडाशी मूठभर गवत सोडायचा, कारण लाकडाला पातं लागलेलं त्याला खपायचं नाही. कंपाउंडरनं प्रत्येक खांबाशी मूठभर गवत सोडलं. सुतार वेली तोडून त्यांची चुंबळ वळायचा आणि खिळ्याला अडकवायचा. कंपाउंडरनं सतरा चुंबळी वळल्या. सुतार दर दहा पावलांवर छोटा ढीग रचायचा. कंपाउंडरनं ढीग रचले, आणि मग एक ढीग मुद्दाम वाकडा केला, कारण नजर गेलेल्या माणसाचे सगळेच ढीग सरळ कसे असतील? तारेत घुसलेली बोटभर जाडीची रोपं त्यानं एकेक धरून कोयत्याच्या तिरक्या घावानं तोडली, सुतारासारखीच, गुडघाभर उंचीवर. शे-सव्वाशे तरी असतील. शनिवारी उन्हं उतरली तेव्हा त्याला उभं राहता येत नव्हतं, पण कुंपण असं दिसत होतं की सुतार आत्ताच काम करून घरी गेलाय. दुसऱ्याच्या सहीची इतकी हुबेहूब नक्कल करणारा माणूस एरवी तुरुंगात जातो.

रविवारी अकराला गाडी आली. लेक आधी उतरली आणि तडक कुंपणाशी गेली. शेवटच्या खांबापर्यंत चालली, परत आली. येताना तिचा चेहरा फुललाही होता आणि पडलाही होता.

"केलंत हो बाबा. खरंच केलंत. जिंकलात तुम्ही." ती म्हणाली. आणि डोळे पुसून आत सामान लावायला गेली.

कंपाउंडरच्या छातीवरचं ओझं उतरलं. त्यानं घाईघाईनं चहा केला, दोन पेले आणून टोपीवर ठेवले. सुतार डोळ्यावर काळा चष्मा लावून हळूहळू कुंपणाकडेनं येत होता. मधेच थांबला. चष्मा कपाळावर चढवला. वाकला. तोडलेल्या एका रोपाच्या खुंटावर त्यानं अंगठा फिरवला. मग पुढच्या खुंटावर. मग त्याच्या पुढच्या. असे सात-आठ खुंट चाचपून तो मधल्या खांबाशी आला.

"चहाला साय आली, दादा!" कंपाउंडर म्हणाला. आवाज जरा जास्तच मोठा निघाला.

सुतारानं पेला उचलला. डाव्या हातानं. आणि कंपाउंडरच्या डोक्यात लख्खकन प्रकाश पडला. डावरा! सुतार डावरा होता. डाव्या हातानं घाव घातला की खुंट एका बाजूला उतरतो, उजव्यानं घातला की दुसऱ्या. शे-सव्वाशे खुंट, सगळेच्या सगळे चुकीच्या बाजूला उतरलेले. सव्वीस वर्षं ज्याच्यासमोर कोयता चालवला त्याचा हात कुठला हे तो विसरला कसा? तर ह्या खांबाशी ते नेहमी समोरासमोर उभे राहिले. त्याच्या उजव्या हातासमोर सुताराचा डावा. आरशात बघितल्यासारखे दोघांचे कोयते एकाच अंगाला चालायचे. त्यामुळे तो हात आपल्याहून वेगळा आहे असं कधी वाटलंच नाही.

"किती राहिलं होतं रे?" सुतारानं विचारलं.

"थोडंसंच, दादा. उगाच इकडेतिकडे."

"आता दिसतंय मला. खरं सांग."

कंपाउंडर खांबाकडे बघत म्हणाला, "बरंच."

सुतारानं चहाचा घोट घेतला. "मला वाटलं होतं झालं म्हणून. देवाशपथ. हातानं चाचपून चाचपून केलं होतं."

"मग झालंच की! तिला कळलं नाही. कुणाला कळणार नाही. डोळा आलाय आता तुमचा, पुढच्या वेळी तुम्हीच कराल."

"डोळा आला रे, खांदा कुठून आणू? अकरा दिवस घालून बारा पावलं करतो मी." तो हसायला गेला, जमलं नाही. "मी पोरीला शब्द दिलाय, कंपाउंडर. तिला माहीत नाही, पण मला माहीत झालं ना."

"शब्द गेला खड्ड्यात!" कंपाउंडर एकदम ओरडला. मग त्याचा आवाजच फुटला. "तुम्ही गेलात तर मी बोलू कुणाशी? ह्या खांबाशी? मी काही तुमच्यासाठी नाही केलं ते. माझ्यासाठी केलं. मला इथे एकटं राहायची भीती वाटते, दादा."

 सुतारानं तारेवरून हात पुढे केला, डावाच, आणि कंपाउंडरचं मनगट धरलं. "तुझ्या जागी मी असतो तर मीही केलं असतं," तो म्हणाला. "आणि माझ्या जागी तू असतास तर तूही गेला असतास."

महिन्याभरात सुतार गेला. घर विकलं नाही, कुलूप लावलं. जाताना हातोडी परत करून गेला, मिठाचा डबाही दिला. गाडीच्या काचेतून म्हणाला, "आत्ता कुठे तू खरा कंपाउंडर झालास. दोन्ही अर्धी तुझीच." कंपाउंडर हसला नाही. पहिल्यांदाच.

मग दिवस गेले. नळाचा आवाज, फ्रिजचा आवाज. एकदा त्याला सणसणून ताप आला, दोन दिवस अंथरुणात होता. आठ वाजले, नऊ वाजले, दारावर थाप पडली नाही. मीठ कुणालाच नको होतं. तिसऱ्या दिवशी तो आपणहून उठला. उठलाच नसता तर ते कळलं असतं तरी कधी आणि कुणाला, हा विचार त्याच्या मनात आला आणि त्यानं तो लगेच झटकला.

पुढचा हंगाम आला. आपलं अर्धं त्यानं मशीननं दीड दिवसात उडवलं. मग कुंपणाला वळसा घालून सुताराच्या बाजूला गेला आणि स्वतःच्या घराकडे तोंड करून मधल्या खांबाशी उभा राहिला. नियम म्हणजे नियम. उजव्या हाताला आलं ते सुताराचं अर्धं आता त्याचं. तिथे मशीन लावायचं त्याच्या जिवावर आलं. त्यानं कोयता काढला. पाच दिवसांनी फक्त तो बारा पावलांचा तुकडा उरला, जो मागच्या वेळी लख्ख होता. आता तिथेही वेलींनी भिंत उभी केली होती. तीही त्यानं पाडली.

पाणी प्यायला तो सुताराच्या ओट्यावर गेला. तिथे एक बाकडं होतं, सुतारानं स्वतः बनवलेलं, भिंतीला पक्कं ठोकलेलं. सव्वीस वर्षांत कंपाउंडर त्यावर कधी बसला नव्हता. त्यांचं बसणं-उठणं सगळं खांबाशी, नाहीतर ह्याच्या स्वयंपाकघरात. तो बसला, बाटली तोंडाला लावली आणि समोर पाहिलं.

दोन्ही बाजूंची झाडं, मध्ये कुंपण. त्या बारा पावलांच्या मोकळ्या तुकड्यातून पलीकडचं एवढंच दिसत होतं: त्याच्या स्वयंपाकघराचं मागचं दार. बाकी काही नाही. ना भाजी, ना झाडं, ना खिडकी. फक्त ते निळं दार, जे तो रोज सकाळी सातला उठला की पहिल्यांदा उघडायचा. आत्ता ते बंद होतं, कारण तो इथे होता.

त्यानं बाटली खाली ठेवली. मीठ, खिळे, हातोडी. नेमकं बरं नसेल त्याच दिवशी, नेमके आठ वाजता! आणि अकरा दिवस त्या धूसर डोळ्यांनी तोच तो तुकडा घासत बसलेला म्हातारा. बाकीचं दिसलं नसेल त्याला, पण हा तुकडा चुकून नव्हता. निळा ठिपका हलला की नाही एवढं तरी दिसायला हवं होतं त्याला. आणि हा शहाणा म्हणे बिचारा म्हातारा, दिसत नाही म्हणून. कंपाउंडर त्या बाकड्यावर बसून लहान पोरासारखा रडला. बघायला होतं कोण? मग नाक पुसलं, फोन काढला आणि सुताराला लावला.

"दादा, मी बोलतोय."

"बोल. गुडघा कसाय?"

"तुमच्या ओट्यावर बसलोय. बाकड्यावर."

 पलीकडे मागे कुठेतरी रस्त्यावरच्या गाड्यांचा आवाज येत होता.

"दार दिसतंय का?" सुतारानं विचारलं.

"दिसतंय."

"उघडं आहे?"

"नाही. मी इथे आहे ना, दादा."

 सुतार म्हणाला, "मग जा. उघड जा. आणि उद्या सातला उघडलंस की मला फोन करून सांग. इथून काही दिसत नाही रे मला."

"बरं," कंपाउंडर म्हणाला. त्यानं कोयता उचलला आणि कुंपणाला वळसा घालून घराकडे निघाला.